अडणाऱ्या मशीनपासून सुरुवात करा : मशीन शॉपच्या नव्या प्रमुखास उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील सुमारे ७० माणसांच्या, वाहनांसाठी गियर शाफ्ट बनवणाऱ्या मशीन शॉपची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे. माल वेळेवर जात नाही, रिजेक्शन वाढले आहे, पहिली पाळी तिसरीला दोष देते आणि तिसरी पहिलीला, हाताशी आलेले ऑपरेटर वर्षभरात चाकणच्या मोठ्या कारखान्यांची वाट धरतात. फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), कायझेन (रोजच्या लहान सुधारणा), सूचनापेटी, महिन्याचा उत्कृष्ट कामगार आणि लोणावळ्याला दोन दिवसांचे शिबिर, हे सर्व याच तिमाहीत सुरू व्हावे अशी मालकांची इच्छा आहे. यातले आधी काय करावे, आणि माणसांमध्ये एकोपा कसा निर्माण करावा, असे तुम्ही विचारले आहे.

हे दोन प्रश्न तुम्ही वेगळे मांडले असले तरी मला ते एकच वाटतात. कारखान्यातला माणूस तिथल्या वातावरणाची पारख एकाच गोष्टीवरून करतो : आपण सांगितलेल्या अडचणीचे पुढे काय झाले? फिक्श्चरचा (नग धरून ठेवणाऱ्या साधनाचा) क्लॅम्प सैल होतो असे त्याने सोमवारी सांगितले आणि बुधवारपर्यंत तो दुरुस्त झाला, तर पुढची अडचण तो स्वतःहून सांगतो. महिनाभर काहीच झाले नाही, तर तो सांगणे बंद करतो, क्लॅम्पखाली पत्र्याचा तुकडा सरकवून काम भागवतो आणि पाळी संपली की घरी जातो. आता तुमच्याकडे मेंटेनन्सची दोनतीन माणसे, एक टूलरूम आणि तुमचा स्वतःचा दिवस, एवढेच भांडवल आहे. एवढ्या भांडवलावर पाच मोहिमा एकदम काढल्या, तर पाचही ठिकाणांहून येणाऱ्या सूचना अर्धवट राहतील आणि लोकांची पक्की खात्री होईल की इथे सांगून उपयोग नाही. म्हणून आधी एकच जागा निवडावी, आणि त्या जागेवर आलेली प्रत्येक अडचण शेवटपर्यंत सोडवावी. एकोप्याची सुरुवात तिथून होते.

ती जागा कोणती, हे ठरवण्याची रीत एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात फार स्पष्टपणे मांडली. कोणत्याही उत्पादन साखळीत एक टप्पा सर्वांत मंद असतो आणि संपूर्ण कारखान्याचा वेग त्या एका टप्प्याइतकाच असतो. बाकीची मशीन कितीही जोरात चालवली तरी गाडीत चढणारा माल वाढत नाही, दोन मशीनच्या मधला ढीग तेवढा वाढतो. तुमच्याकडे तो टप्पा शोधण्यासाठी संगणकातले तक्ते उघडण्याची गरज बहुधा पडणार नाही. दुसऱ्या पाळीच्या मध्यावर शॉपमधून एक फेरी मारा आणि भरलेले क्रेट आणि ट्रॉल्या कोणत्या मशीनसमोर रांगेत उभ्या आहेत ते पाहा. मग त्या मशीनच्या पुढच्या टप्प्यावरचा माणूस माल नाही म्हणून थांबला आहे का, तेही पाहा. मागे ढीग आणि पुढे रिकामे हात, असे जिथे दिसेल तिथे तुमचे अडणारे मशीन आहे. शाफ्टच्या कामात ते पुष्कळदा हीट ट्रीटमेंटनंतरचे (तापवून कडक केल्यानंतरचे) सिलिंड्रिकल ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चाकाने घासून शाफ्टचा व्यास नेमका करणारे मशीन, असते.

उदाहरणादाखल हिशेब मांडतो, आकडे तुम्ही तुमचे घाला. एका शाफ्टला सीएनसी टर्निंगला (लेथवर आकार देण्याला) दीड मिनिट, हॉबिंगला (गियरचे दात कापण्याला) तीन आणि ग्राइंडिंगला चार मिनिटे लागतात आणि तिन्ही ठिकाणी एकेकच मशीन आहे असे धरा. पाळी ४८० मिनिटांची. जेवणाची ३० मिनिटे ग्राइंडर बंद, पाळी बदलताना पुढचीमागची मिळून २० मिनिटे बंद. म्हणजे एका पाळीत ५०, आणि तीन पाळ्यांत १५० मिनिटे. चार मिनिटांना एक या दराने दिवसाला ३७ शाफ्ट तिथेच गेले. हीच १५० मिनिटे टर्निंगवर वाया गेली असती तर डिस्पॅचमध्ये काही फरक पडला नसता, कारण टर्निंगकडे वेळ तसाही शिल्लक आहे. वाया जाणारा वेळ सगळीकडे सारखा दिसत असला तरी त्याची किंमत सारखी नसते, आणि हे शॉपमधल्या प्रत्येकाला, अगदी हेल्परलासुद्धा, कागदावर मांडून दाखवले पाहिजे. माझा अनुभव असा आहे की हा हिशेब लोकांना लगेच पटतो. बहुतेक वेळा तो त्यांना आधीच ठाऊक असतो, फक्त कोणी विचारलेले नसते.

एकदा हे ठरले की कामांची यादी आपोआप तयार होते. जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडर चालू राहावा म्हणून बदली ऑपरेटर. पाळी बदलताना मशीन चालू असतानाच समोरासमोर कामाची देवघेव. पुढच्या जॉबची ड्रायव्हिंग डॉग (शाफ्ट फिरवणारी पकड), सेंटर, गेज आणि बॅलन्स केलेले चाक आधीच ट्रॉलीवर मांडून ठेवणे, म्हणजे सेटिंग बदलताना माणसाला टूलरूमकडे पळावे लागणार नाही. मेंटेनन्सला स्पष्ट सूचना की दोन मशीन एकाच वेळी बंद पडली तर पहिला पाना ग्राइंडरला. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ग्राइंडरच्या आधी तपासणी : वाकलेला किंवा ग्राइंडिंगसाठी पुरेसा मार्जिन नसलेला शाफ्ट तिथेच बाजूला काढला, तर त्याच्यावर ग्राइंडरची मौल्यवान चार मिनिटे खर्च होत नाहीत.

आता यात एकोपा कुठे आला ते पाहू. जेवणाच्या वेळी ग्राइंडर कोण चालवणार? ज्याच्याकडे वेळ शिल्लक आहे तो, म्हणजे टर्निंगचा ऑपरेटर. त्यासाठी त्याला ग्राइंडिंग शिकवावे लागेल, आणि शिकवणार ग्राइंडरवरचा जुना माणूस. आजवर टर्निंगवाल्याचे कौतुक पाळीत किती नग काढले यावर होत असे, त्यामुळे तो ढीग घालत राही आणि तो ढीग पुढे सरकत नाही म्हणून बोल मात्र ग्राइंडरवाल्याला लागत. मोजमाप असे असेल तर कितीही शिबिरे घेतली तरी ती दोन माणसे मनाने जवळ येणार नाहीत. नगांवर मिळणारा प्रोत्साहन भत्ता जर तुमच्याकडे मशीनवार असेल, तर तो ग्राइंडरमधून निघालेल्या चांगल्या शाफ्टवर आणि सर्वांना मिळून देण्याचा विचार मालकांपुढे मांडा. हा बदल कठीण आहे, कारण काहींच्या हातात येणारी रक्कम सुरुवातीला कमी होऊ शकते. तेव्हा पहिले काही महिने जुन्या रकमेची हमी द्यावी लागेल, आणि ती द्यावीच.

शिकवणाऱ्याचा मानही राखायला हवा. वीस वर्षे ग्राइंडिंग केलेला माणूस ठिणगीच्या आवाजावरून चाक भरले आहे (त्यात धातूचे कण अडकले आहेत) हे ओळखतो. आपली विद्या दुसऱ्याला दिली तर आपली गरज संपेल, अशी भीती त्याच्या मनात असते आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. त्याला ‘प्रशिक्षक’ म्हणून वेगळा भत्ता द्या, कोणाला कोणते काम येते हे दाखवणाऱ्या स्किल मॅट्रिक्सच्या फलकावर शिकणाऱ्याच्या रकान्यात त्याचे नाव लिहा, आणि त्याने तयार केलेल्या माणसामुळे त्याला गणपतीत चार दिवस सलग रजा मिळू शकली, तर ती आनंदाने मंजूर करा.

दुसरी निवड रिजेक्शनची. जोसेफ जुरान यांनी दर्जाच्या क्षेत्रात परेटो तत्त्व रूढ केले, ते तुम्हाला माहीत असेलच : बहुतांश नुकसान मोजक्याच कारणांतून होते. मात्र परेटोचा आलेख काढून तो भिंतीवर लावला जातो आणि काम तिथेच थांबते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. कारणांचा पहिला खांब सापडला की त्याला आणखी फोडावे लागते : कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कोणत्या वारी, चाक ड्रेस केल्यानंतर (घासून पुन्हा धारदार केल्यानंतर) कितव्या नगाला.

एका कारखान्यात शाफ्टच्या बेअरिंगच्या जागेचा व्यास हे पहिले कारण होते. २५ मिलिमीटर व्यास, के ६ फिट (बेअरिंग नेमके बसण्यासाठी ठरलेले माप), म्हणजे खालच्या आणि वरच्या मर्यादेत फक्त १३ मायक्रॉनचे (हजारांश मिलिमीटरचे) अंतर. पाळीनुसार फोड केल्यावर दोष पहिल्या पाळीकडे निघाला आणि ती तीन माणसे साहजिकच दुखावली. मग वारानुसार फोड केली. भोसरी आणि चिंचवडच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि लाल पेटीतले, म्हणजे नापास झालेले, बहुतेक शाफ्ट शुक्रवारच्या पहिल्या दोन तासांतले निघाले. दिवसभर बंद राहिलेला ग्राइंडर थंड असतो. स्पिंडल, हायड्रॉलिक तेल आणि कूलंट तापून स्थिर होईपर्यंत व्यास सरकत राहतो, आणि ऑपरेटर त्याच्या मागे कॉम्पेन्सेशन (मापातली दुरुस्ती) देत राहतो. उपाय एवढाच झाला की शुक्रवारी एक माणूस ओव्हरटाइमवर लवकर येऊन मशीन जॉबशिवाय फिरवू लागला आणि पहिले पाच नग एकामागून एक मोजले जाऊ लागले. शुक्रवारची लाल पेटी जवळपास रिकामी राहू लागली. त्याहून मोलाची गोष्ट अशी घडली की ‘फर्स्ट शिफ्टवाले बघतच नाहीत’ हे वाक्य त्या शॉपमध्ये ऐकू येईनासे झाले. त्या भांडणासाठी कोणाला समजुतीच्या चार गोष्टी सांगाव्या लागल्या नाहीत.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो, आणि तो सर्वस्वी तुमच्या हातात आहे. वाईट बातमी आल्यावर तुमच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, संघटनेशी सततचे तंटे आणि सुमार दर्जा यांसाठी तो कुप्रसिद्ध होता, आणि १९८२ मध्ये तो बंद करण्यात आला. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीत ‘नुमी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. इमारत तीच, कामगार संघटना तीच, आणि घेतलेले बहुसंख्य कामगारही जुनेच. टोयोटाने त्यांच्यापैकी अनेकांना जपानमधील ताकाओका येथील कारखान्यात नेऊन काम दाखवले. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांच्या कितीतरी पुढे गेला आणि गैरहजेरी झपाट्याने उतरली. पूर्वी तिथे असेंब्ली लाइन कोणत्याही कारणाने थांबवायची नाही असा दंडक होता. सदोष गाडी पुढे जाऊ द्यायची, नंतर दुरुस्त करायची. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी होती. अडचण आली की ती ओढायची, आणि ओढली की टीम लीडर धावत मदतीला येणार. माणसे बहुतांशी तीच राहिली. मदत मागितल्यावर काय घडते, ते बदलले.

तुमच्या शॉपमध्ये दोरी नसेल, पण रात्री दोन वाजता येणारा फोन आहे. तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर सांगतो, “साहेब, टेपर येतोय, मशीन थांबवलंय.” म्हणजे शाफ्टचा व्यास एका टोकाकडे कमी होत जातो आहे. अशा वेळी ‘किती नग गेले?’ किंवा ‘आधी का नाही कळलं?’ हे प्रश्न तोंडावर येतात, आणि सकाळी ग्राहकाची गाडी उभी राहणार असते म्हणून ते स्वाभाविकही आहे. तरीही ते गिळा. मी सुपरवायझरांना तीन प्रश्न पाठ करायला सांगतो. संशयित माल वेगळा ठेवला का? शेवटचा चांगला नग कोणता होता? तुला आत्ता काय लागेल? या तीन प्रश्नांत ग्राहक वाचतो, कारण शोधण्याचा धागा हाती राहतो, आणि थांबवणाऱ्याने बरोबर केले हे त्याला न सांगता कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पाळीचे लोक घरी जाण्यापूर्वी तुम्ही मशीनजवळ उभे असलात, टेलस्टॉकचे (शाफ्टचे दुसरे टोक धरणाऱ्या भागाचे) अलाइनमेंट मेंटेनन्सकडून तपासून घेत असलात, तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत तिन्ही पाळ्यांत पोहोचते. हेच एकदा उलट घडले, मशीन थांबवणाऱ्याला सर्वांसमोर बोल लागले, तर तीही गोष्ट तितक्याच वेगाने पोहोचते आणि पुढचे सदोष शाफ्ट गुपचूप चांगल्या मालात मिसळू लागतात. दर्जातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापकांसाठी सांगितलेल्या चौदा सूत्रांत भीती घालवण्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. भीती असलेल्या कारखान्यात आकडे खोटे असतात, आणि खोट्या आकड्यांवर कोणतेही संख्याशास्त्र चालत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आहे आणि ती मालकांना आजच द्या. तुम्ही हे नीट केले तर पहिले एकदोन महिने कागदावरचे रिजेक्शन वाढेल. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या विभागांतील संघ अधिक चांगले होते तिथे चुकांची नोंद अधिक आढळली. तिथले लोक चुका उघडपणे सांगत होते, हे त्यामागचे कारण त्यांना पुढे उलगडले. तुमच्याकडेही लपलेला माल लाल पेटीत येऊ लागेल. मालकांना हे आधी सांगितलेले नसेल, तर नेमक्या त्याच वेळी ते सुपरवायझरला बोलावून खडसावतील आणि सगळे केलेले पाण्यात जाईल. म्हणून त्या काळात आणखी एक आकडा त्यांच्यापुढे ठेवा : ग्राहकाकडून परत आलेला माल. तो कमी होत असेल तर दिशा बरोबर आहे.

कंत्राटी कामगारांविषयी तुम्ही लिहिलेले नाही, पण ७० माणसांत निम्मे तरी कंत्राटी किंवा शिकाऊ असतील असे मी गृहीत धरतो. लातूर, बीड, बुलढाण्याची मुले, आणि त्यांच्या जोडीला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली. त्यांचा गणवेश वेगळ्या रंगाचा, सेफ्टी शूज झिजलेले, कॅन्टीनची रांग वेगळी, अशी स्थिती असेल, तर ‘आपण सारे एक’ हे फलक उतरवून ठेवा. कायमची नोकरी देणे तुमच्या अधिकारात नसेल. बूट, जेवण, पाणी, नावाने हाक मारणे आणि कामाच्या सूचना मराठीबरोबर हिंदीतही लावणे, हे निश्चितच तुमच्या अधिकारात आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा होते तेव्हा तिन्ही पाळ्यांची माणसे वर्षातून एकदा एकत्र उभी असतात. त्या दिवशी प्रसादाचे आणि भेटवस्तूचे पाकीट कंत्राटी मुलांनाही तेच असावे. ही बाब छोटी मानू नका. ज्या मुलाला आपण इथले नाही असे वर्षभर जाणवत राहते, तो टेपर दिसला तरी मशीन कशाला थांबवील?

माणसे चाकणला जातात त्याचा एक भाग पगाराचा आहे, आणि तिथे प्रेमळ वातावरणाने भागत नाही. मोठ्या कारखान्याशी पगाराची बरोबरी करता येत नसेल, तर ते मोकळेपणाने सांगा. तुमच्याकडे जे मिळू शकते तेही सांगा : दोन वर्षांत तीन प्रकारची मशीन आणि सेटिंग शिकण्याची संधी, वेळेवर पगार, रजेचा शब्द पाळणे. काही जण तरीही जातील. जाणाऱ्याला चांगल्या मनाने निरोप दिला तर त्याचा धाकटा भाऊ आयटीआय संपवून तुमच्याकडे येतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

मालकांच्या उरलेल्या यादीविषयी थोडक्यात. फाइव्ह एस करा, पण या तिमाहीत फक्त ग्राइंडर आणि त्याच्या भोवतालच्या जागेत. सूचनापेटी सध्या लावू नका, उत्तर द्यायला हात कमी आहेत. उत्कृष्ट कामगाराचा पुरस्कार मला पसंत नाही, कारण शाफ्ट एकट्याने तयार होत नाही. शिबिर पुढच्या वर्षी आनंदासाठी काढा, कुटुंबांसह. क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांनीच एकत्र बसून आपल्या कामातल्या अडचणी सोडवणारा छोटा गट, ही उत्तम गोष्ट आहे. दर्जातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने ती १९६२ मध्ये जपानमध्ये सुरू झाली आणि भारतात १९८० मध्ये भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात रुजली. मात्र ज्या शॉपमध्ये सांगितलेल्या अडचणी सुटतात असा विश्वास बसला आहे, तिथेच ती टिकते. म्हणून ती सहा महिन्यांनी.

रोजची सभा मात्र उद्यापासून सुरू करा. पहिली पाळी संपून दुसरी सुरू होताना, ग्राइंडरच्या शेजारी, उभ्या उभ्या, दहा मिनिटे. जाणारे आणि येणारे ऑपरेटर, मेंटेनन्सचा एक, टूलरूमचा एक आणि तुम्ही. सभा चालू असताना ग्राइंडरवर बदली माणूस असू द्या, नाहीतर तुम्हीच ते मशीन थांबवल्यासारखे होईल. फळ्यावर चार रकाने पुरेत : काल ग्राइंडर किती मिनिटे थांबला, कशामुळे, आज कोण काय करणार, आणि कालचे ठरलेले झाले का. चौथा रकाना तुम्ही स्वतः भरा, आणि झाले नसेल तर कारणासह तसे लिहा. पहिल्या आठवड्यात कोणी फारसे बोलणार नाही. शांतता भरून काढण्यासाठी भाषण करू नका, फळ्यावरच्या एका अडचणीबद्दल त्या ऑपरेटरला नावाने विचारा आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्या.

काही महिन्यांनी ढीग ग्राइंडरसमोरून हलेल आणि बहुधा हॉबिंगसमोर दिसू लागेल. त्या दिवशी फळा तिकडे न्या. ग्राइंडरची बदली ऑपरेटरची व्यवस्था आणि आधीची तपासणी मोडू नका, नाहीतर ढीग परत येईल. हॉबिंगच्या माणसांना ही पद्धत समजावून सांगण्याचे काम तुम्ही किंवा सल्लागाराने करू नये. ग्राइंडरवरच्या तिन्ही पाळ्यांतून एकेक ऑपरेटर निवडा, त्यांना अर्धा दिवस मोकळे करा आणि त्यांनाच सांगू द्या.